मुंजाजीकाकांची अर्जी

मुंजाजीकाकांचा ओठ सुजला की मी समजायची, आज रविवार.

दुपारची जेवणं उरकून गाव जरा आडवं झालं की उपकेंद्राच्या पायरीवर चप्पल वाजायची. दारात काका उभे. धोतर स्वच्छ, टोपी सरळ, आणि टोपीखालचा चेहरा निम्मा त्यांचा, निम्मा भलत्याच कुणाचा तरी. ओठ फुगलेले, एक डोळा मिटायला आलेला, मानेवर गांध्या उठलेल्या. अशा अवतारात, जड झालेल्या जिभेने ते मला बजावायचे, "सिस्टर, काय झालं न्हाई. तुमी फक्त सुई टोचा."

काही झालं नाही तर सुई कशाला, असं मी सुरुवातीला विचारायची.

"गांधीलमाशी चावली."

"दोन्ही ओठांना?"

"जोडी व्हती."

पुढच्या खेपेला वांगं बाधलेलं असायचं, त्याच्या पुढच्या खेपेला ऊन. एकदा तर भर पौषात त्यांना ऊन बाधलं. मी इंजेक्शन द्यायची, ते माझ्या ओसरीवरच्या बाकड्यावर बसून राहायचे आणि सूज उतरली की टोपी नीट करून घरी जायचे. जाताना म्हणायचे, "पाहा, व्हतं का काई?"

मी मूळची वसमतची. नर्सची नोकरी लागली आणि सेनगावच्या पलीकडे जीपने खडखडत जाव्या लागणाऱ्या ह्या गावात येऊन पडले. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता; हिंगोली वेगळा व्हायला अजून अवकाश होता. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत औषधं, एकीत मी. भिंतीला भिंत लावून मुंजाजीकाकांचं घर. माझा स्वभाव तापट, हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्यांना सांगायची तसदी नको. बाया मला वचकून असतात आणि लेकरं मला पाहिलं की दंडावर हात ठेवून पळतात. मुंजाजीकाका मात्र मला काय, कुणालाच घाबरायच्या भानगडीत कधी पडले नाहीत.

त्याचं कारण त्यांची नोकरी. हिंगोलीच्या कचेरीत त्यांनी सगळी हयात शिपाई म्हणून काढली. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून आतलं कानावर पडायचं. त्या सगळ्या सरकारी बोलण्यातला एकच शब्द त्यांच्या मनात भरला: नामंजूर. निवृत्त होऊन गावी आले ते पेन्शन आणि हा शब्द घेऊन. उशिरा आलेली एसटी ते नामंजूर करायचे. गाडी समोर उभी, कंडक्टर बोलावतोय, आणि काका "उशिराची गाडी नामंजूर" म्हणून सेनगावच्या दिशेने पायी चालू लागायचे. चाळिशीचा चष्मा नामंजूर केल्यामुळे पेपर हात लांब करून वाचायचे, आणि हात पुरेना तेव्हा पेपर समोरच्या खांबाला टांगून स्वतः मागे सरकायचे. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे कौसाकाकूंनी, आता तुमचं वय झालं एवढंच म्हटलं. काकांनी ते नामंजूर केलं आणि शेळीला पाला काढायला म्हणून बाभळीवर चढले. वर गेले ते गेले, खाली उतरायला जमेना. शेवटी गावातल्या दोघांनी मिळून उतरवलं. तरी काका म्हणत होते, "मी उतरतच व्हतो. ह्यांनी घाई केली."

असा माणूस. त्याला एखादी गोष्ट सोसत नाही हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं म्हणजे रेड्याकडून दूध काढण्याचा प्रकार.

पण रविवारच का, हे कोडं मला सुटत नव्हतं. ते सोडवायला काकूंकडे जावं लागलं, आणि काकूंकडे जायचं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं. कौसाकाकू म्हणजे उंच, काळीसावळी, कमी बोलणारी बाई. माहेर जवळा बाजारकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपणापासून वशाट, म्हणजे मटण, खाऊन वाढलेली. त्यांच्या हातच्या काळ्या मसाल्याचं नाव पंचक्रोशीत होतं. लग्नाकार्यात आचारी दुसरा असला तरी मसाला कौसाबाईंचा.

आणि ह्या बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी गावात यायच्या आधी कधीतरी काकांना कावीळ झाली. हिंगोलीच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. तेव्हा काकू देवाला बोलून गेल्या, हे उठून बसले तर मी माळ घालीन. काका उठून बसले. काकूंनी माळ घातली आणि वशाट सुटलं. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. मसाला मात्र दरसाल करायच्या आणि लोकांना वाटून टाकायच्या.

काकांनी माळ घातली नाही. "नवस हिचा, माळ हिची. म्या कुठं सही केली?" असा त्यांचा मुद्दा. पण माळकरणीच्या चुलीवर वशाट शिजत नसतं. मग काकांनी गोठ्यात तीन दगड मांडले. रविवारी रशीदभाईंच्या दुकानातून मटणाचा वाटा आणायचा, वेगळ्या भगुण्यात आपल्या हाताने शिजवायचा, गोठ्यातच बैलांच्या शेजारी बसून खायचा, भांडं राखेने घासून तिथंच पालथं घालायचं, आंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल टाकायचं. वर्षानुवर्षं हा क्रम चालला. काकू आत भाजीभाकरी खायच्या, काका बाहेर मटणभाकरी.

त्याच सुमाराला आमच्याकडे सोयाबीन आलं. ज्वारी-कापूस पेरणारे लोक बघता बघता सोयाबीन पेरायला लागले. काका अर्थातच सगळ्यात पुढे, कारण भावकीने नको म्हटलं होतं. पीक चांगलं यायचं, पण ते खायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग तालुक्याहून एक बाई शाळेत आल्या, बायांना जमवलं आणि सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करून दाखवला. सुक्या वड्या पाण्यात भिजवायच्या, पिळायच्या, मसाल्यात घालायच्या. "अगदी मटणासारखं लागतं," त्या बाई म्हणाल्या.

काकूंनी वाण्याकडून पुडा आणला. घरात, आपल्या चुलीवर, आपला काळा मसाला घातला. काका नेहमीसारखे गोठ्याकडे निघाले होते, ते वासाने माघारी फिरले. दोघं समोरासमोर बसून जेवले. तो रविवार काकू मला सांगत होत्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "सिस्टर, म्या बोटं चाटली. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. बराबर तस्संच लागते हो." मग जरा वेळाने म्हणाल्या, "गोठ्यात मात्र गांधीलमाशा लई झाल्यात. तवापासून दर रईवारी चावून राहिल्या त्यांना. दोनदा म्या पोळं जाळलं, हात भाजले, तरी जाईनात."

माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं आणि बोलायची सोय नव्हती. पेशंटची गोष्ट नर्सने दुसऱ्याला सांगायची नसते, मग ती दुसरी त्याची बायको का असेना. माझ्या नोकरीत मी फार गोष्टी पाळल्या असं नाही, पण ही पाळली.

काकांना मात्र मी धरलं. "वड्या खाणं बंद करा."

"काहून?"

"तुम्हाला बाधतात."

"मी पेरतो ते मी खातो. कापूस पेरला असता तर कापूस खाल्ला असता. सिस्टर, ती वडी मला बाधत न्हाई, मी तिला बाधतो."

हे ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून दर बुधवारी येणाऱ्या डॉक्टरांपुढे मी त्यांना बसवलं. डॉक्टर तरुण, शहरातले, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "काका, तुम्हाला सोयाबीनची ॲलर्जी आहे."

काका ताठ बसले. "अर्जी?"

"ॲलर्जी."

"तेच. कोणी दिली अर्जी?"

"दिली नाही काका, तुम्हाला आहे."

"मला हाय आन् मलाच म्हाईत न्हाई? उभी जिंदगी कचेरीत गेली माझी. बिनासहीची अर्जी चालत नसते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली, की काका, तुमचं शरीर सोयाबीन नाकारतंय.

"आंग नाकारून राहिलं? आंगाला कोणी इचारलं? मालक मी हाय." काका उठले, टोपी घातली आणि दारातून सांगितलं, "नामंजूर."

दुसऱ्या दिवसापासून हा शब्द गावभर झाला. कुणाला शिंका आल्या, अर्जी. कुणाला खाज सुटली, अर्जी. एका पोराने परीक्षेत नापास झाल्यावर बापाला सांगितलं, मला गणिताची अर्जी आहे. फक्त ती अर्जी काकांना, आणि तीही सोयाबीनची, हे ना गावाला कळलं ना काकूंना, कारण काकांनी सगळीकडे सांगितलं होतं की डॉक्टर कुणाच्या तरी पेन्शनच्या अर्जीबद्दल विचारत होते.

मला हसू यायचं तितकीच काळजी वाटायची. एका रविवारी ते आले तेव्हा छातीत शिट्टी वाजत होती. मी इंजेक्शन दिलं, पाठीशी उशी देऊन बसवलं आणि श्वास मोकळा झाल्यावर चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, आज ओठावर भागलं. एखाद्या दिवशी घसा मिटेल, मग मी इथे असेन नसेन, तुम्ही राहणार नाही. काकांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "घशाला सांगून ठिवतो."  पुढच्या रविवारी परत वड्या.

हे असंच चाललं असतं. पण काळा मसाला लपत नाही, त्याचा वास चार घरं ओलांडून जातो. तो एका रविवारी सोपानरावांच्या नाकापर्यंत गेला.

सोपानराव म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. माळकरी, सरळ, पण नियमाला कडक. काकू त्यांच्याच मंडळात बायांच्या रांगेत बसून टाळ वाजवायच्या. माळकरणीच्या चुलीवर वशाट शिजतंय, ही वार्ता सोपानरावांनी मंडळात मांडली आणि निकाल लागेपर्यंत कौसाबाईने भजनाला बसू नये असं ठरलं. पुढच्या रविवारी निरोप आला तेव्हा मी तिथंच होते. काकूंनी पदराने टाळ पुसले, फडक्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवले.

काकांनी मात्र चुलीवरचं भगुणं तसंच उचललं. फडक्याने धरून, रस्सा हिंदकळत, थेट मारुतीपुढच्या पारावर. मी मागोमाग. भगुणं पारावर ठेवून काकांनी सगळ्यांना हाक मारली. माणसं जमली. सोपानराव आले.

"दिसाया वशाट, वासाला वशाट," सोपानराव म्हणाले, "तर मग ते वशाट न्हाई कसं?"

"सोपानराव, तुमच्या बैलाला शिंगं हायेत आन् म्हशीलाबी शिंगं हायेत. म्हणून तुमी म्हशीखाली बसायचं सोडून बैलाखाली बसता का धार काढाया?"

लोक हसले. सोपानराव हसले नाहीत. तेव्हा काकांनी साक्षीदार बोलावला. साक्षीदार कोण, तर रशीदभाई. माळकरणीच्या बाजूने साक्ष द्यायला खाटीक, असा खटला आमच्या गावात पहिलाच. रशीदभाई हात धुऊन आले. भगुण्यातली एक वडी त्यांनी दोन बोटांत धरली, दाबली, उजेडात फिरवली, हुंगली. 

"हे बकऱ्याचं न्हाई," ते म्हणाले. "मेंढीचं न्हाई. माझ्या धंद्यातलं ह्यात कायबी न्हाई. आन् मुंजाजी माझ्या दुकानात येऊन जमाना झाला. मला वाटलं, नाराज हायेत."

निकाल लागल्यातच जमा होता. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, मग खाऊन दाखवा. मी "नको" म्हणेपर्यंत काका खाली बसले होते. एक वडी तोंडात टाकली. दुसरी टाकली. सगळ्यांकडे आळीपाळीने बघत, रस्सा ओरपून, सावकाश चावून खाल्लं. मी धावत उपकेंद्रात गेले, इंजेक्शन भरून परत आले, तोवर व्हायचं ते झालं होतं. गांध्या मानेवरून गालावर चढल्या, ओठ उलटे झाले, डोळा मिटला. भरल्या पारावर, मारुतीच्या समोर.

कुणीतरी हळूच म्हणालं, "पाहा. देवानं दाखवलं."

माणसं मागे सरकली. काहींनी मारुतीला हात जोडले. मी काकांच्या दंडात सुई खुपसत ओरडत होते की ही ॲलर्जी आहे, देवाचा काही संबंध नाही. एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "व्हय बाई, अर्जीच. देवाच्या दरबारात गेली आन् उत्तर बी आलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काका त्या सुजलेल्या तोंडाने काहीतरी सांगायला बघत होते. मी कान जवळ नेला. ते म्हणत होते, "गांधीलमाशी."

ह्यावेळी गांधीलमाशी कुणालाच पटली नाही, आणि काकूंना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. ओसरीवर न बसता उंबऱ्यात बसल्या. "सिस्टर, लोक खोटं बोलून न्हाई राहिले. वडी वशाट न्हाई, हे मला ठावं हाय. पन म्या ती वशाटच समजून खात व्हते. डोळे मिटून. माहेरचं आठवून. माळ गळ्यात ठिवून मनानं वशाट खाल्लं म्या. देवाला कळणार न्हाई तर काय? शिक्षा मातर त्यांना दिली." घरातला उरलेला काळा मसाला त्यांनी गल्लीतल्या बायांना देऊन टाकला होता. त्या दिवसापासून त्या दिवसातून एकदाच जेवायला लागल्या.

आता मला गप्प बसवेना. मी तशीच उठून काकांकडे गेले. ते गोठ्यात होते. मी म्हटलं, काकू स्वतःला पापी समजून उपाशी राहतायत. तुम्हाला पहिल्या दिवसापासून वड्या बाधतात हे तुम्ही सांगा, नाहीतर काकूंच्या डोक्यातून देवाची शिक्षा जायची नाही. मी सांगून चालणार नाही, माझं गावाने किती ऐकलं ते पारावर पाहिलंय.

"मंग तिला वाटंल, इतके दिस मी ह्यांना जहर वाढलं."

"वाटेल."

काकांनी वैरणीची पेंढी सोडली, परत बांधली.  नामंजूर म्हणायला समोर काही अर्ज नव्हता, दोन्हीकडून दुखावणार होत्या त्या काकूच.

एकादशीला देवळात भजन होतं. काकू दाराबाहेर, चपलांच्या शेजारी बसल्या होत्या. टाळ वाजायला सुरुवात होणार तोच काका आत आले. टोपी हातात होती. बोडक्या डोक्याचे काका गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले असतील.

"थांबा," ते म्हणाले. "त्या दिवशी पारावर मव्हं तोंड सुजलं, ते देवानं न्हाई सुजवलं. वडी मला सोसत न्हाई. पहिल्या दिवसापासून सोसत न्हाई. खाल्ली का तोंड सुजते. दर रईवारी ह्या सिस्टरकडून सुई घेऊन राहिलो. इचारा तिला. गांधीलमाशी म्हणून मी बायकोला खोटं बोललो. हिची चूक न्हाई, हिच्या माळंची न्हाई. माझ्या आंगाची हाय."

 मी मान डोलावली. सोपानराव हातातले टाळ खाली ठेवून म्हणाले, "आरं पन सोसत न्हाई तर खात काहून व्हता? जबरी व्हती का कोनाची?"

काका तापले. मला बरं वाटलं, कारण तो आवाज ओळखीचा होता. "सोपानराव, तुमी कवा गोठ्यात एकट्यानं जेवले का? बायको भिताडाच्या पलीकडं बसून खाते, तिच्या बांगड्या ऐकू येतात, आन् तुमी बैलाच्या तोंडाकडं पाहून घास गिळता. साल न् साल. एक वर्ष जेवून पाहा तसं. मंग मला इचारा, सुजल्या तोंडानं घरात बसून काहून खातो."

एवढं बोलून ते थांबले. पुढे काय करायचं हे ठरवून आले नसावेत. उभेच राहिले.

सोपानरावांनी दाराकडे पाहिलं. काकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्या खालच्या मानेने म्हणाल्या, "पन म्या मनानं वशाटच खाल्लं, दादा. चव घेतली."

सोपानराव खाकरले. सतरंजीचा कोपरा सरळ केला. मग मंडळाकडे न बघता म्हणाले, "कौसाबाई, म्या माळ घातली त्याला जमाना झाला. आन् त्या रईवारी तुझ्या मसाल्याचा वास आला तवा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. म्हणून तर वळखला म्या वास. मनाला माळ कोणी घालावी बाई? ये, आत ये. टाळ आण घरून." आणि ते आपली सतरंजी ओढून घेऊन बाजूला सरकले.

काकू त्या रात्री काकांशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला आणि तो चांगला दमदार होता. इतके दिवस गांधीलमाश्यांच्या नावाने माझे हात भाजून घेतले, तवा तोंडाला कुलूप व्हतं का, असा सगळा मजकूर. काका एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. मी भिंतीला कान लावला होता असं कुणी म्हणू नये; भिंतच तेवढी पातळ होती.

वड्या त्या घरातून गेल्या. पुढच्या एका रविवारी मी ताक मागायला म्हणून गेले. आत दोघं जेवायला बसली होती, समोरासमोर. काकूंनी नवा मसाला केला होता आणि त्या काळ्या रश्शात शेवग्याच्या शेंगा घातल्या होत्या. दोघांच्या ताटांच्या कडेला चोखून टाकलेल्या सालींचे ढीग झाले होते. मटणाच्या जेवणानंतर हाडांचे व्हावेत तसे. काकांचे ओठ जागच्या जागी होते आणि ते तक्रार करत होते. "शेंग ती शेंग. हाडाची बराबरी हिला कुठून येणार? सिस्टर, तुमीच सांगा. उगं आपलं चोखायचं न् टाकायचं." बोलत बोलत त्यांनी भगुण्यात पळी फिरवली, सगळ्यात जाड, गराने भरलेली शेंग शोधली आणि माझ्याशीच बोलत, तिकडे न बघता, ती काकूंच्या ताटात टाकली.

काकूंनी ताट जरा जवळ ओढलं. मग मला म्हणाल्या, "माळंच्या आधी बी असंच करायचे, सिस्टर. मटणात मगजानं भरलेली नळी निघाली का माझ्या ताटात. मला आवडते म्हणून."

काका एकदम भाकरीत गुंतले.

काकूंनी ती शेंग उचलली, आणि आत काही अडकलेलं मोकळं करावं तशी ताटाच्या काठावर हळूच आपटली.